साखर वगळून फळांचे मफिन: वाचकांच्या शंका

मागच्या अंकात मी साखर न घालता केलेल्या केळ्याच्या मफिनचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांनी एकच विचारलं आहे: साखरेच्या जागी काय घालू? गोडीचं पिकलेलं फळ बघून घेतं, त्याची काळजी नको. पण साखर जाते ती एकटी जात नाही. मफिनचा मऊपणा, वरचा तांबूस रंग आणि टिकाऊपणाही तिच्याबरोबर जातो. खरी सोय करायची ती या तिघांची.

प्रश्न: ताई, माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. वय सत्तरीपुढचं. सकाळी पोदेर (दारोदार पाव विकणारा) आला की त्याच्याकडून बिस्किटं घेतात, नाही म्हटलं की रुसतात. घरात ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, मोयरा गावची मोठी केळी मिळतात. त्यांना देता येतील असे मफिन सांगाल का? (एक सूनबाई, डिचोली)

सांगते, आणि सगळं मापासकट सांगते. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. साखर घातली नाही म्हणून मफिन मधुमेहाला मोकळे होत नाहीत. पिठातला स्टार्चही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो आणि केळ्यात स्वतःची साखर असतेच, 100 ग्रॅम गरात साधारण 12 ग्रॅम. खालच्या मापाचे दहा मफिन होतात. एकात सुमारे 16 ते 18 ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे पावाच्या एका मोठ्या स्लाइसइतकी. तेव्हा सासऱ्यांना एक मफिन द्या, आणि तो बिस्किटांच्या जागी द्या, बिस्किटांवर नको. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा तपासा आणि तो आकडा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन ठाऊक असलेल्या माणसाचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

आता केळी. कृतींमध्ये ‘तीन केळी’ लिहिलेलं असतं, त्यावर आपल्याकडे भरवसा ठेवता येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोयऱ्याचं दांडगं केळं आणि बोटाएवढी वेलची केळी शेजारी शेजारी असतात. म्हणून सोललेला गर वजन करून घ्या: 250 ग्रॅम. साल पूर्ण काळी पडेपर्यंत थांबू नका. केळं जितकं पिकत जातं तितका त्यातला स्टार्च साखरेत उतरतो. मुलांसाठी करताना ती गोडी हवीच, सासऱ्यांसाठी मात्र सालीवर तपकिरी ठिपके आले की तेवढ्यावर थांबा.

गव्हाचं पीठ 100 ग्रॅम, नाचणीचं 50 ग्रॅम, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, दोन चिमटी मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड आणि थोडी दालचिनी. हे सगळं दोनदा चाळा आणि चाळणीत राहिलेला कोंडा परत पिठात टाका. मीठ आणि वेलची वगळू नका. साखर नसलेल्या पदार्थात जिभेला गोडी जाणवते ती याच दोघांमुळे. दुसऱ्या भांड्यात केळ्याचा गर काट्याने कुस्करा. मिक्सरला लावलात तर तो पाण्यासारखा होतो आणि मफिन गिचका बसतो. त्यात 60 ग्रॅम घट्ट दही, एक अंडं आणि 50 मिली बिनवासाचं तेल फेटून घ्या. सुकं ओल्यात घाला, 40 ग्रॅम भरड काजू टाका आणि मोठ्या चमच्याने तळापासून वर असं दहा-बारा वेळा उलथा. पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, गुठळ्या राहू देत. मग दहा मिनिटं तसंच ठेवा, कारण गव्हाचा कोंडा आणि नाचणी पाणी हळूहळू पितात. मिश्रण चमच्यावरून थबकन पडलं पाहिजे. ओघळत असेल तर चमचाभर नाचणी आणखी घाला.

ओटीजी 180 अंशांवर आधी पूर्ण तापवा, वरखाली दोन्ही दांड्या चालू. मधल्या खणात 20 ते 22 मिनिटं. कागदी वाट्या वापरत असाल तर त्यांना आतून तेलाचं बोट लावा. साखर नसलेला आणि तेल बेताचं असलेला मफिन कागदाला असा चिकटतो की निम्मा कागदावरच राहतो. सिलिकॉनच्या वाट्या असतील तर उत्तमच.

मोयऱ्याच्या केळ्यांचं फिगाद (गर आटवून केलेला गोड पदार्थ) आपल्याकडे घरोघर होतं, पण त्यात साखर भरपूर असते. त्याच केळ्याला साखरेवाचून इतकी चव आहे हे सासऱ्यांना एकदा कळू दे.

प्रश्न: मी साखरेऐवजी माडाचा काळा गूळ घातला. तो नैसर्गिक आहे, तेव्हा मधुमेहींना चालेल ना? खजूर आणि मध यांचं काय? (माशेल)

नाही चालणार. हे स्पष्ट लिहिते, कारण या एका समजुतीने घरोघरी रक्तातली साखर वाढते आहे. गूळ उसाचा असो की माडाचा, तो मुख्यतः साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात, पण मफिनमध्ये जाणाऱ्या गुळातून ती इतकी कमी मिळतात की त्यासाठी साखर वाढवून घेण्यात अर्थ नाही. मधात जवळपास 80 टक्के साखर, सुक्या खजुरात 60 टक्क्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल जो सल्ला दिला त्यात मध, पाक आणि फळांचा रसही साखरेच्याच रांगेत धरला आहे. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. म्हणून माझा आग्रह असा की फळ गरासकट घाला, रस काढून नको.

माडाच्या गुळाची चव मला फार आवडते. तवसोळीत (काकडीच्या केकमध्ये) तो नसेल तर मला ती तवसोळी वाटतच नाही. सणाला करा, मुलांना द्या, फक्त त्याला ‘बिनसाखरेचं’ म्हणू नका.

याच पत्रात कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचंही विचारलं आहे. अ‍ॅस्पार्टेमची गोडी भट्टीच्या उष्णतेत उडून जाते. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णतेत टिकतात, पण ते चिमूटभर लागतात, त्यामुळे साखरेने येणारा मऊपणा त्यांच्याकडून येत नाही. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असं सांगितलं. मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. पिकलेलं फळ हाताशी असताना मला त्यांची गरज कधी भासत नाही.

प्रश्न: माझे मफिन रबरासारखे चिवट होतात आणि वरून पांढुरके राहतात. रंग यावा म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवले तर आतून कोरडे. (कुडचडे)

काकू, दोन्ही तक्रारींचं मूळ साखर नसणं हेच आहे. साखर पाणी धरून ठेवते आणि गव्हातल्या ग्लुटेनला, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला, ताणू देत नाही. ती नसली की ग्लुटेन मोकाट सुटतं. म्हणून साखरेच्या केकला चालतं तसं फेटणं इथे चालत नाही. इलेक्ट्रिक बीटर बाजूलाच ठेवा. पिठात एक तृतीयांश नाचणी घातली की निम्मं काम झालं, कारण तिच्यात ग्लुटेन नसतं. तेल मात्र कमी करू नका. ‘हेल्दी’ करायचं म्हणून तेलही काढलं की चिवटपणा ठरलेलाच.

रंगाची वाट तर मुळीच बघू नका. वीस मिनिटांनी मधोमध दातकोरणी खुपसा. तिला ओलं पीठ लागलं नाही, नुसते दोन-चार कण लागले, की बाहेर काढा, मग वरून कसेही दिसोत. रंग हवाच असेल तर भट्टीत ठेवण्यापूर्वी वरून बोटाने थोडं दूध फिरवा, दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून छान रंग धरतात. ओल्या नारळाचा चव भुरभुरलात तर तोही खरपूस होतो आणि घरभर वास सुटतो.

प्रश्न: केळी सोडून आपल्या इतर फळांचे होतील का? आमच्या बागेत फणस, अननस, आंबा सगळं आहे, मोसमात वाया जातं. (सत्तरी तालुक्यातून एक वाचक)

तुमचं पत्र वाचून हेवा वाटला. होतात, पण प्रत्येक फळाचं पाणी वेगळं, हे धरून चाला.

मानकुराद आंबा सगळ्यात सोपा. गर घट्ट, रेषा कमी. 200 ग्रॅम गर घ्या, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं आटवा आणि पूर्ण गार करून मगच वापरा. आंब्यातली साखर केळ्याच्या आसपासच, किंचित जास्त. त्यामुळे मधुमेहासाठीचा हिशेब तोच. बागेतला आंबा एकदम पिकतो, तेव्हा आटवलेला गर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. पावसात काढला की मेमधल्यासारखाच लागतो.

फणस रसाळ घ्या, काप्याचा गर नीट मिळून येत नाही. गरे चाळणीवर दाबून रेषा काढायच्या, साटं (गराच्या वाळवलेल्या पोळ्या) घालताना काढतो तशाच. हा गर इतका वासाचा असतो की वेलची-दालचिनी घालून तो झाकू नका, फक्त मीठ घाला आणि काजूऐवजी उकडून चिरलेल्या आठळ्या. आठळ्यांचे हे तुकडे दाताखाली आले की मला फार सुख होतं. त्याही पिठूळ असतात, तेव्हा मधुमेह्यांसाठी मूठभरच.

अननस कच्चा कधीच घालू नका. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दह्यातली प्रथिनं फोडतं आणि मिश्रण कडवट होतं. बारीक चिरून, स्वतःच्याच पाण्यात कोरडा होईपर्यंत शिजवा. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं आणि जास्तीचं पाणीही जातं. अननस आंबट असतो, म्हणून एकट्याच्या भरवशावर राहू नका. 170 ग्रॅम केळं आणि 80 ग्रॅम शिजवलेला अननस, ही जोडी जमते.

जांभळांबद्दल खास लिहायला हवं. त्यांचा जांभळा रंग सोडा लागला की निळसर-हिरवट होतो, आणि मुलं तोंड फिरवतात. जांभळं घालायची त्या दिवशी सोडा पूर्ण वगळा, बेकिंग पावडर दीड चमचा करा, आणि बी काढलेला गर शेवटी घालून दोनच वेळा उलथा. तुरटपणा राहतो, मला तो हवासा वाटतो.

पपईला चव कमी आणि पाणी फार. तिच्या वाटेला न जाणंच बरं.

प्रश्न: पावसात दुसऱ्याच दिवशी बुरशी येते. (वास्को)

येणारच. साखर पाणी बांधून ठेवते, ते बुरशीच्या हाती लागू देत नाही. इथे ते मोकळं आहे आणि जुलैत आपली हवाही ओलीचिंब. मफिन जाळीवर पूर्ण गार करा, कोमट असताना डबा लावलात तर झाकणाला घाम सुटतो आणि तोच थेंब थेंब खाली पडतो. करायच्या दिवशी बाहेर, नंतर फ्रिजमध्ये तीन दिवस. त्याहून जास्त हवे असतील तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये, महिनाभर चालतात. खाताना 150 अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करा, ताज्यासारखे होतात.

प्रश्न: श्रावणात आमच्याकडे अंडं चालत नाही. आणि ओव्हनही नाही, कुकरमध्ये होतील का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, फोंडा)

अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजव, चिकट झाली की तीच घाल. मफिन थोडे बसके होतील, चवीत फरक पडणार नाही.

ओव्हनचं म्हणशील तर तुझ्या आजीला विचार, तवसोळी कशी भाजायची ते. टोपाच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. हीच भट्टी. गॅसवर करताना कुकरपेक्षा जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं मोठं पातेलं घे. आत स्टँड ठेवून झाकणासकट मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव, मग मफिनच्या वाट्या स्टँडवर ठेव आणि आच मंद कर. कोरडा कुकर तापवल्याने त्याचं रबर आणि व्हॉल्व्ह खराब होतात, म्हणून तो नको. वेळ 30 ते 35 मिनिटं लागेल आणि पहिली 25 मिनिटं झाकण उघडायचं नाही. वरून रंग येणार नाही, तेव्हा दातकोरणी खुपसूनच बघ.