चाळिशीनंतरची पाळी: ओपीडीत बसण्याआधी

प्रिय डॉक्टर,

ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात पंचेचाळिशी ओलांडलेली कोणीतरी समोर बसेल. "अंगावरून फार जातंय, झोप नाही, उगाच चिडचिड होते." सोबतची जाऊ विचारेल, हॉर्मोनची तपासणी करायची का? नाही म्हण. या वयात एफएसएच, म्हणजे बीजकोशाला चालना देणारं हॉर्मोन, आज ३० आलं तर पुढच्या महिन्यात ८ येऊ शकतं. बाईचे पैसे जातात, कळत काहीच नाही.

'हॉर्मोन कमी झालेत' हे अर्धसत्य आहे. बीजकोशातली बीजं घटली की एफएसएचला आवर घालणारं इनहिबिन उतरतं, मग मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच वाढवून जोर लावते. त्या जोरावर इस्ट्रोजेन कधी एकदम चढतं, कधी कोसळतं. बीज मात्र दर महिन्याला सुटत नाही, आणि ते सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. गर्भपिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि दीड-दोन महिन्यांनी तुकड्यातुकड्यांनी गळतं. उशिरा येऊन दहा-दहा दिवस लांबणारी, गाठी पडणारी पाळी ती हीच. इस्ट्रोजेन चढलं की स्तन जड होऊन दुखतात, कोसळलं की अंगातून वाफा निघतात. म्हणून एकाच महिन्यात दोन्ही तक्रारी आल्या तर गोंधळू नकोस.

खरी तपासणी तारखांची. मागच्या सहा पाळ्या विचार. तारखा आठवत नसतील तर सण विचार: पोळ्याला होती का, गौरी बसल्या तेव्हा? घरात नैवेद्याचा प्रश्न आलेला असतो, त्यामुळे ते पक्कं लक्षात असतं. लागोपाठच्या पाळ्यांतलं अंतर ७ किंवा जास्त दिवसांनी पुढेमागे व्हायला लागलं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं, की रजोनिवृत्तीकडचा प्रवास सुरू. ६० दिवसांचा खाडा पडला की त्या प्रवासाचा उत्तरार्ध. सलग १२ महिने पाळी नाही, तेव्हाच रजोनिवृत्ती म्हणायची. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ च्या आसपास येते.

खाडा दिसला की आधी लघवीची गर्भचाचणी. बाई हसेल, तरी कर. पन्नाशीआधी पाळी गेली तर पुढे दोन वर्षं, नंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधन सुरू ठेवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

जास्त जातंय म्हणजे किती? तासाला पॅड किंवा घडी भिजते का, नाण्याएवढ्या गाठी पडतात का, आठ दिवसांवर लांबतं का? हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि सोनोग्राफी सांग. थायरॉइड बिघडलं तरी हीच सगळी लक्षणं दिसतात. पंचेचाळिशीपुढे अनियमित रक्तस्राव असेल तर हॉर्मोनच्या गोळ्या देण्याआधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठव. तोवर स्राव आवरायला ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, १ ग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीचे फार तर चार-पाच दिवस. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर अजिबात नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टपाशी जरा थांब. 'अस्तर १२ मिमी' वाचून बाई घाबरते आणि कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका. अस्तराची ४ मिमीची मर्यादा पाळी थांबल्यानंतर रक्त जाणाऱ्या बाईसाठी आहे. पाळी सुरू असताना पाळीच्या कितव्या दिवशी सोनोग्राफी केली, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, याची चौकशी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून करावी लागली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. वाफा तीव्र येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढण्याआधी हॉर्मोनची तांबी, म्हणजे ५२ मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल या प्रोजेस्टेरॉनसारख्या हॉर्मोनची, हा पर्याय तिच्यासमोर ठेव.

वाफांनी झोप उडालेल्या बाईला इस्ट्रोजेन द्यायला बिचकू नकोस, पण पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कर्करोग, गुठळीचा इतिहास, यकृताचा चालू आजार किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव असेल तर देऊ नकोस.

प्रत्येकीच्या केसपेपरवर मराठीत एक ओळ लिहून दे: पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायला या.