रेनिन-अँजिओटेन्सिनचा लठ्ठपणाशी संबंध आहे का? बीपीची गोळी बदलून वजन उतरेल का?

गोळी बदलून वजन उतरेल या आशेवर राहू नका. रेनिन-अँजिओटेन्सिन म्हणजे बीपी चढवणारी शरीरातली हार्मोनची साखळी. तिचा लठ्ठपणाशी संबंध मात्र आहे आणि चांगला घट्ट आहे. माझ्या दादाला हेच सांगून सांगून माझा घसा बसलाय.

माझं बीपी पहिल्यांदा 150/96 निघालं तेव्हा तो सोबत होता. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "हिचं खाणं बंद करा, बीपी आपोआप उतरेल." डॉक्टर हसले. मी नाही हसले. त्याच्या लेखी चरबी म्हणजे पोतं. खाल्लं की भरतं, भरलं की ओझं होतं, ओझ्यानं बीपी चढतं. पोतं स्वतः काही करत नाही.

इथंच तो चुकतो. या साखळीची सुरुवात होते अँजिओटेन्सिनोजेन नावाच्या प्रथिनापासून. ते मुख्यतः यकृत बनवतं, पण चरबीच्या पेशीही बनवतात. पुढे रेनिन (किडनीतलं एन्झाइम) त्याचा तुकडा पाडतं, एसीई नावाचं दुसरं एन्झाइम त्या तुकड्याचं अँजिओटेन्सिन-2 करतं, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढून मीठ धरून ठेवतं. उंदरांच्या फक्त चरबीत हे प्रथिन बनणं बंद केलं आणि त्यांना भरपूर चरबीचा आहार दिला, तरी त्यांचं बीपी चढत नाही. आता याला पोतं कसं म्हणायचं?

उलट बाजूही आहे. ज्या उंदरांत मुळात रेनिनच नाही, ते तसल्या आहारावरही फारसे जाड होत नाहीत. एसीई नसलेल्यांच्या अंगावरही चरबी कमी, आणि ते तर इतरांइतकंच खातात, फक्त जाळतात जास्त. हे सगळं छापून मी दादासमोर टाकलं. कागद न उचलता त्यानं विचारलं, "तू उंदीर आहेस का?" त्या दिवशी मी ताटावरून उठले.

(प्रश्न बरोबर होता, हे त्याला सांगू नका.) मेंदूत हेच अँजिओटेन्सिन उलट वागतं, ऊर्जेचा खर्च वाढवतं. उंदरांना ते बाहेरून भरपूर टोचलं तर ते चक्क वाळतात. आणि माझी पहिली गोळी होती बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी. तिनं रेनिन घटतं, म्हणजे माझ्या हिशेबानं मी बारीक व्हायला हवी होते. वाढलं किलोभर! जुने बीटा ब्लॉकर शरीराचा ऊर्जाखर्चही थोडा उतरवतात. नंतर अँजिओटेन्सिनला अडवणारी टेल्मिसार्टन आली, बीपी खाली आलं, काटा जागचा हलला नाही.

तेव्हा नावात शेवटी प्रिल किंवा सार्टन असलेल्या, याच साखळीला अडवणाऱ्या गोळ्या वजनासाठी मागू नका. बीटा ब्लॉकर चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण आपल्या मनानं एकदम बंद करू नका, हृदयावर बेततं. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर प्रिल-सार्टन चालत नाहीत, ते आधी सांगा.

आणि हो, वजन 5 टक्के जरी उतरलं तरी रक्तातलं रेनिन, अल्डोस्टेरॉन खाली येतं. दादा म्हणतो, "मग मी काय वेगळं सांगत होतो?" अरे, पोतं रिकामं झालं म्हणून हार्मोन कशाला घटतील?

त्याला स्वतःला मागच्या वर्षी सार्टन सुरू झाली. काडीसारखा आहे.