रोबोट आल्यावर आमच्या शॉपमधून कोणालाच काढलं नाही

तुम्ही विचारलंय, मुलगा आयटीआयला आहे, पुण्याजवळ चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत आता सगळे रोबोट नि इलेक्ट्रिक गाड्या. त्याला नोकरी मिळेल का आणि युनियन काही करू शकते का. मी २४ वर्षं बॉडी शॉपला, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडतात त्या विभागात वेल्डर, दोन टर्म युनियनच्या कमिटीवर होतो. कंपनीचं नाव राहू द्या.

रोबोट येणार म्हटल्यावर आम्ही गेट मीटिंगा घेतल्या. एकाही परमनंटला हात लावायचा नाही, असं करारात लिहून घेतलं, पेढे वाटले. कंपनीनं शब्द पाळला. फक्त जो रिटायर झाला त्याची जागा भरली नाही. व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती, घेऊन जो गावी गेला, त्याचीही नाही. स्पॉट वेल्डिंगची गन ओढून आमचे खांदे कामातून गेले होते, त्यातून सुटलो, खोटं कशाला बोलू! पण आज लाइनवर दिसतात ती पोरं ट्रेनी नाहीतर कंत्राटी. आमची मेंबर नाहीत. यंत्रं सुधारून कामगार कमी होणार असतील तर मालकानं २१ दिवस आधी नोटीस द्यायची, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण कुणाला काढलंच नाही, तर आम्ही भांडायचं कुणासाठी?

इलेक्ट्रिकचा दणका भलतीकडेच बसतोय. त्या गाडीला पिस्टन नाही, इंजेक्टर नाही, सायलेन्सर नाही. हे पार्ट बनतात भोसरीसारख्या ठिकाणच्या शेडमध्ये. माझा मेहुणा तिथं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, व्हॉल्व्ह गाइड हा इंजिनचा पार्ट काढतो, वीसेक माणसं. ऑर्डर कमी झाली की मालक म्हणतो, या आठवड्यात तीनच दिवस या. युनियन नाही, विचारणार कोण? कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली, त्यावर आमच्याकडे मोर्चे निघाले. मेहुण्याची शेड ना त्या १०० मध्ये होती, ना या ३०० मध्ये.

मुलाचं म्हणाल, तर नुसतं वेल्डिंग नको. रोबोटचं मेंटेनन्स, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), बॅटरीचं हाय व्होल्टेज काम शिकू दे. आमच्याकडे रात्रपाळीत रोबोट अडकला की अख्खी लाइन त्या एका पोराची वाट बघत उभी असते. आणि जॉइन होताना लेटरवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते सही करायच्या आधी तुम्ही स्वतः वाचा.