सासऱ्यांचा क्लब आणि नातवाचा टी-शर्ट

प्रश्न : मी मूळची नाशिकची. लग्न होऊन वास्कोला आले तेव्हा फुटबॉल म्हणजे टीव्हीवर वर्ल्डकप लागला की बघायचा, एवढंच ठाऊक होतं. माझे सासरे बहात्तर वर्षांचे, मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले. ते साळगावकर क्लबचे. हा क्लब एके काळी देशात गाजलेला होता म्हणतात. आता तो गोव्याच्या लीगमध्येच खेळतो आणि तिथेही हरून येण्याचे दिवस असतातच. तरी मॅच असली की सासरे लवकर जेवून घराबाहेर पडतात. म्हापशाला दुलेर मैदानावर असली तर पणजीला बस बदलून जातात. कंबर दुखते, पण सिमेंटच्या पायऱ्यांवर दोन तास बसतात. संघ हरला की रात्री जेवताना एक अक्षर बोलत नाहीत. आता माझा नऊ वर्षांचा मुलगाही आजोबांबरोबर जाऊ लागलाय. वर्गातली मुलं मँचेस्टर सिटीचे टी-शर्ट घालतात आणि याला हसतात. माणसं असल्या संघाला का चिकटून राहतात? आणि मुलाला तरी वेळीच जिंकणाऱ्या संघाकडे वळवावं का?
— एक सून, वास्को

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. १९९८-९९चा मोसम घ्या. मुलाच्या वर्गमित्रांचा हा मँचेस्टर सिटी त्या वर्षी इंग्लंडमध्ये वरून तिसऱ्या पायरीवरच्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. त्याच शहरातल्या मँचेस्टर युनायटेडने त्याच मोसमात प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही चषक घरी नेले. आणि त्याच मोसमात तुमच्या सासऱ्यांचा साळगावकर नॅशनल फुटबॉल लीग जिंकून भारताचा विजेता ठरला. गोव्यातल्या क्लबाने ती लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्या वर्षी मँचेस्टरमधल्या एखाद्या आईने तुमचाच प्रश्न विचारला असता, तर कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, 'बाई, युनायटेडचा लाल टी-शर्ट घ्या आणि मोकळ्या व्हा.' पण तिसऱ्या पायरीवरच्या सिटीला बघायला मेन रोडच्या जुन्या स्टेडियमवर त्या मोसमात सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं येत होती. शेजारी तिन्ही चषकांची मिरवणूक निघाली तरी ती हलली नाहीत. मधल्या सुट्टीत हसणाऱ्या त्या पोरांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तुमच्या मुलाला मात्र जरूर सांगा.

आता मूळ प्रश्न. पणजीत एका दैनिकाच्या क्रीडापानावर रात्रपाळ्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरोघरी मोबाइल नव्हते तेव्हा मॅच संपली की आमच्या टेबलावरचा फोन सुरू व्हायचा. 'पात्रांव, कितें जालें?' (साहेब, काय झालं?) संघ जिंकला की फोन करणारे दर खेपेला नवे असत. स्कोअर ऐकला, आनंद झाला, फोन ठेवला. हरल्यावर फोन करणारे मात्र तेच ते. आवाजावरून ओळखू यायचे. त्यांना नुसता स्कोअर पुरत नसे. गोल कुठल्या मिनिटाला बसला, बचावात कोण झोपला होता, पेनल्टी खरंच होती का, बदली खेळाडू इतका उशिरा का उतरवला, असं सगळं साग्रसंगीत हवं असायचं. इकडे पान सोडायची वेळ झालेली, आणि पलीकडचा माणूस फोन ठेवायला तयार नाही.

रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधलं एक निरीक्षण छापलं होतं. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून वर्गात येणारे विद्यार्थी वाढत, हरला की कमी होत. फोनवरची नवी मंडळी ती हीच. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. मैदान भरतं ते त्यांच्यामुळेच. पण तुमचे सासरे त्या जातीतले नाहीत.

सासऱ्यांनी हा क्लब निवडलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. वास्कोचा माणूस, बंदरातली नोकरी, शिफ्ट सुटल्यावर टिळक मैदान जवळ. साळगावकरच्या गोलात वर्षानुवर्षं उभे राहिलेले ब्रह्मानंद शंखवाळकर साधारण त्यांच्याच वयाचे. पुढे ते भारताचे कर्णधार झाले, १९९७चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मग ब्रुनो कुतिन्हो आला, त्यालाही अर्जुन मिळाला. १९८८मध्ये साळगावकरने फेडरेशन कप आणला, गोव्याचा तो पहिला, आणि १९८९मध्ये तो राखलाही. हे सगळं ज्याने पायऱ्यांवर बसून पाहिलं, त्याला आता 'दुसरा संघ बघा' म्हणणं म्हणजे आडनाव बदला म्हणण्यासारखंच.

तुम्ही गोव्यात राहता तेव्हा आमची उत्सवी नाटकं पाहिली असतीलच. देवळासमोर मंडप, रात्री उशिरा तिसरी घंटा, आणि मग वाड्यावरचाच कुणीतरी संभाजी होतो. पोस्टात काम करणारा तो माणूस दर वर्षी त्याच स्वगतात अडखळतो. पुढच्या रांगेतल्या अर्ध्या लोकांना ते वाक्य पाठ असतं, ते खालून पुरवतात. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं कला अकादमीत लागतात, ती याहून दसपट चांगली असतात हे सगळ्यांना कळतं. तरी देवळापुढची खुर्ची कोणी सोडत नाही. आपल्या माणसाला आपण बघायला जातो, तो चांगला करतो म्हणून जात नाही. सासऱ्यांचं दुलेरला जाणं मला याच्याच जवळचं वाटतं.

पण एवढ्यानेही पुरतं उत्तर होत नाही, कारण हरण्याचं स्वतःचं असं एक काम असतं. २०१५ची आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल मडगावजवळ फातोर्ड्याला झाली, तेव्हा मी कार्यालयातच होतो. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ पुढे. आम्ही पान लावून मोकळे. आठ कॉलमी मथळा, खाली नारिंगी गर्दीचं भलं मोठं छायाचित्र. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आणि भरपाईच्या मिनिटांत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा गोल घातला. २-३. छायाचित्र काढा, मथळा काढा, कोण काय बोललं ते विचारा, नुसती धावपळ. पण मला आठवतात ते नंतरचे फोन. स्कोअर कुणालाच विचारायचा नव्हता, बहुतेक लोक मैदानावरूनच परतले होते. मुख्य बातमीचं काय लिहिताय, कट्टीमनीला फार झोडपू नका, तो आपला पोरगा आहे, असं सांगायला माणसं फोन करत होती.

पुढच्याच मोसमात, २०१६ला, एफसी गोवा आठ संघांत आठवा आला. आजही मडगावात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली आणि 'त्या फायनलला तुम्ही होता?' असा विषय निघाला, की पाच मिनिटांत चहा येतो. नंतर या संघाने २०१९-२०ची साखळी फेरी जिंकून शील्ड मिळवली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचलेला तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्या शील्डवरून असा चहा आलेला मी तरी पाहिलेला नाही.

मार्था न्यूसन या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांच्या पाठीराख्यांचा अभ्यास करून २०२१मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं मागे पडलेल्या क्लबांचे पाठीराखे एकमेकांशी अधिक घट्ट बांधलेले आणि एकमेकांसाठी झीज सोसायला अधिक तयार आढळले, यशस्वी क्लबांचे त्यामानाने कमी. एकत्र सोसलेलं दुःख मागे रेंगाळत राहतं, त्यावर पुन्हा पुन्हा बोललं जातं, आणि त्यातून माणसं जोडली जातात, असा त्यांचा रोख आहे. फोनवरच्या त्या जुन्या आवाजांमुळे मला हे वाचून फारसं नवल वाटलं नाही.

तुमच्या सासऱ्यांचं दुखणं मात्र थोडं वेगळं आहे, आणि त्यासाठी जेवणावरची त्यांची ती चुप्पी मी माफ करीन. साळगावकर मैदानात हरत हरत खाली आला नाही. २०१०-११ला हा संघ आय-लीगचा, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगच्या जागी आलेल्या देशाच्या अव्वल लीगचा, विजेता होता. नव्या रचनेत आय-लीग आयएसएलच्या खाली जाणार असं दिसलं, तेव्हा २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. क्लबवाले त्यांच्या जागी बरोबरही असतील. दुय्यम पायरी म्हणून पैसा ओतत राहणं कोणत्या मालकाला परवडेल? पण पायऱ्यांवर बसणाऱ्याला कोणी विचारलं नाही. मैदानात हरलं तर पुढच्या रविवारी फेड होते. हे झालं ते एका पत्रावर. धेंपो खालून वर चढत २०२४-२५ला पुन्हा आय-लीगमध्ये आला, ते पाहून सासऱ्यांना बरं वाटलं की पोटात दुखलं, हे एकदा विचारून बघा. माझा अंदाज, दोन्ही.

आणि एक सांगतो. निष्ठा म्हणजे तोंड बंद ठेवणं असं समजू नका. संघाला सर्वांत कडक शिव्या मी ऐकल्या त्या सर्वांत जुन्या पाठीराख्यांकडून, आणि त्यांचा तो हक्कच आहे. घरचं बजेट मोडून, औषधं चुकवून कुणी मॅचला जात असेल तर तिथे मी सुनेच्या बाजूने उभा राहीन. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. बसचं तिकीट आणि दोन तास, एवढंच तर आहे.

म्हणून करायचं ते एवढंच. बसायला एक जाडशी उशी शिवून द्या, सिमेंटचा गारवा कमरेला वाईट. हरून आले तर स्कोअर विचारू नका, 'आज कोण बरा खेळला?' असं विचारा. स्थानिक लीगमध्ये दर मोसमात एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा विंगवरून धावताना दिसतोच. त्याच्याबद्दल ते बोलायला लागले की हुमण (माशांची आमटी) थंड होईल, तेवढं चालवून घ्या.

मुलाला वळवायला जाऊ नका. सिटीचा टी-शर्ट हवा असेल तर तोही घेऊन द्या, नऊ वर्षांच्या पोराला दोन संघ सहज पेलतात. मात्र उद्या तो कंटाळून आजोबांबरोबर जायचा थांबला, तर आजोबांनीही ओढून नेऊ नये. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी सांगितलेलं बरं.

प्रश्न : मी फोंड्याला कॉलेजात शिकतो, क्रिकेटचा वेडा आहे. गोव्याच्या रणजी संघाचं नाव काढलं की हॉस्टेलवरचे मित्र हसतात. सरळ मुंबईला पाठिंबा द्यावा का?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : मुंबईची फलंदाजी बघायला कोण नको म्हणतंय? बघ. मी बघतो.

मित्र हसले तर नोव्हेंबर २०२४मधली पर्वरीची मॅच सांग. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, तिसऱ्या विकेटसाठी अभेद्य ६०६. रणजीच्या इतिहासात एवढी भागीदारी कुणाचीही नाही, मुंबईचीसुद्धा नाही. फक्त पुढचं लपवू नकोस. ती मॅच प्लेट गटातली, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातली होती, आणि समोर ८४ धावांत गुंडाळला गेलेला अरुणाचल प्रदेशचा संघ होता. ते तू आधीच सांगून टाकलंस तर मित्रांच्या हातात काही उरत नाही.

गोवा रणजी खेळतोय १९८५-८६पासून, मुंबई १९३४-३५पासून. पन्नास वर्षांची तफावत आहे, त्यामुळे तुलनेत फार अडकू नकोस. पर्वरीला पुढचा सामना असेल तेव्हा सकाळच्या सत्राला जा. पहिल्या तासात चेंडू हलतो, आणि सीमारेषेजवळ बसलास तर खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं. टोपी मात्र घालून जा.