छळ सीरियात, फिर्याद जर्मनीत

प्रश्न : माझा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या सोबतच्या सीरियन निर्वासिताला तुरुंगात छळणारा अधिकारी आता त्याच शहरात दिसला. त्या निर्वासितानं जुने फोटो पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेत. गुन्हा सीरियातला, मग जर्मनीत तक्रार चालेल का? असा माणूस उद्या साताऱ्यात सापडला तर?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : जर्मनीत चालेल. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे जगात कुठेही, कुणीही केलेले असोत, २००२ च्या कायद्यानं जर्मन कोर्टाला ते चालवता येतात. दमास्कसच्या गुप्तचर खात्यातला माजी कर्नल अन्वर रसलान याला कोब्लेन्झच्या कोर्टानं १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप दिली, ती याच कायद्याखाली. आरोपी जर्मनीत नसेल तर सरकारी वकील तपास नाकारू शकतात. इथं तो शहरातच आहे.

लेखी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा थेट कार्ल्सरूहच्या केंद्रीय सरकारी वकिलांकडे द्यावी. छळ झाला एवढं सांगून भागत नाही. कुठला तुरुंग, कोणता महिना, त्या माणसाचा हुद्दा काय, हुकूम कोण सोडत होतं, हे हवं. खटले इथंच अडतात.

फोटोंची मात्र आजच काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर फोटोचा दर्जा घटतो आणि कधी, कुठे काढला ही त्यातली नोंद पुसली जाते. त्यामुळे पुतण्याकडची प्रत पुरावा म्हणून दुबळी. त्या निर्वासिताला मूळ फोटो असलेला फोन आहे तसा जपायला सांगा. फेसबुकवर काही टाकू नका, माणूस पळेल. साक्षीदारांनी एकत्र बसून आठवणी जुळवू नयेत. सारखे जबाब आरोपीचा वकील पढवलेले ठरवतो.

साताऱ्याचं उत्तर निराश करणारं आहे. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. परदेशातला गुन्हेगार भारतात जिथं सापडेल तिथं त्याच्यावर खटला भरता येतो, हत्येला फाशी किंवा जन्मठेप आहे, सातारचं सत्र न्यायालयही तो चालवू शकतं. पण हा कायदा दोन देशांमधल्या युद्धातल्या गंभीर गुन्ह्यांपुरता. सरकारनं आपल्याच नागरिकांचा तुरुंगात केलेला छळ त्यात बसत नाही. शिवाय कलम १७ प्रमाणे फिर्याद फक्त सरकारची किंवा केंद्रानं नेमलेल्या अधिकाऱ्याची चालते. पीडितानं स्वतः दिलेली फिर्याद न्यायाधीश विचारातच घेऊ शकत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या कायद्यात नाहीत, हे १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाहीत.