एका चॅनेलसाठी वेगळे पैसे मोजायचे का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे दोन मोठ्या स्ट्रीमिंगची सबस्क्रिप्शन्स आधीपासून आहेत, आणि आता मुलगा मागे लागलाय की त्याला हवी ती सिरीज फक्त एका चॅनेलच्या स्वतःच्या ॲपवर आहे तर तेही घ्यायचं. मिस्टर म्हणतात एका सिरीजसाठी अख्खं ॲप कोण घेतं. घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण एकच महिना, आणि तोही सीझन पूर्ण आल्यावर. मुलगा थोडा कुरकुरेल, कुरकुरू दे.

मिस्टरांची शंका जुनीच आहे हो. अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलने ऑक्टोबर 2014 मध्ये सीबीएस ऑल ॲक्सेस हे स्वतःचं ॲप काढलं, महिन्याला 5.99 डॉलर, आता हे चॅनेल तिथे अँटेना लावला की फुकट दिसतं, मग त्याचे पैसे का द्यायचे असं कुणालाही वाटणारच, आणि वर पैसे भरूनही जाहिराती होत्याच! जाहिराती नकोत तर 9.99 चा प्लॅन, तो 2016 मध्ये आला. मग 2017 मध्ये त्यांनी हुकमी पत्ता टाकला. स्टार ट्रेक डिस्कव्हरी या नव्या सिरीजचा पहिला एपिसोड साध्या टीव्हीवर दाखवला आणि पुढचं सगळं ॲपवर. चटक लावायची आणि दार लावून घ्यायचं.

आता यातला हिशोब बघा. एपिसोड पंधरा, पण आठवड्याला एक, मध्ये मोठी सुट्टी, त्यामुळे सप्टेंबरअखेर सुरू झालेला सीझन फेब्रुवारी 2018 मध्ये संपला. पहिल्या दिवसापासून पैसे भरणाऱ्याचे पाच महिन्यांचे जवळजवळ 30 डॉलर गेले आणि शेवटी येऊन एका महिन्यात सगळं बघणाऱ्याचे 6. सिरीज तीच. दर आठवड्याला एक एपिसोड सोडण्यामागे चर्चा टिकवणं वगैरे असेलही, पण बिल चालू राहतं हे त्यातलं मुख्य, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, अमेरिका आणि कॅनडा सोडून बाहेर तीच सिरीज तेव्हा नेटफ्लिक्सवर होती, म्हणजे ज्यांच्याकडे नेटफ्लिक्स होतं त्यांना वेगळा पैसा लागलाच नाही. तेव्हा तुमच्याकडच्या दोन ॲपवर आधी नीट शोधा, मुलाने ऐकीव माहितीवर सांगितलं असण्याची शक्यता बरीच आहे.

मला खरं तर या ॲप्सचा पायाच पटत नाही. चॅनेल ही कंपनीने आखलेली हद्द आहे, आपली आवड त्या हद्दीत राहत नाही. कुणी म्हणतं का मला अमुक चॅनेल आवडतं? आपण म्हणतो मला हॉरर आवडतं, जुने सिनेमे आवडतात, कुस्ती आवडते. म्हणून शडरसारखं फक्त हॉररचं किंवा क्रायटेरियन चॅनेलसारखं निवडक सिनेमांचं छोटं सबस्क्रिप्शन मला जास्त पटतं, कारण एक बघून झालं की त्याच चवीचं दुसरं तिथेच मिळतं. चॅनेलच्या ॲपवर आवडती सिरीज संपली की समोर येतात पोलिसांच्या मालिका आणि गेम शो. एचबीओ हा अपवाद म्हणा, तिथे चॅनेलचं नाव हीच आवड झाली होती, लोक 2015 मध्ये त्यांच्या एचबीओ नाऊ या ॲपला महिन्याला 14.99 डॉलर मोजायला तयार झाले. पण त्यांनाही नुसत्या एचबीओवर भागलं नाही, 2020 मध्ये इतर बराच माल घालून एचबीओ मॅक्स काढावं लागलं.

प्रश्न: वार्षिक प्लॅन घेतला तर महिन्याचा हिशोब बराच स्वस्त पडतो. मग तोच का घेऊ नये?

उत्तर: ते ॲप वर्षभर तसंच राहील याची खात्री कोण देणार? सीएनएन या बातम्यांच्या चॅनेलचं ॲप सीएनएन प्लस 29 मार्च 2022 ला सुरू झालं, सुरुवातीला येणाऱ्यांना महिन्याचा प्लॅन आयुष्यभर अर्ध्या किमतीत अशी ऑफर होती, मधेच कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी 28 एप्रिलला ते बंद केलं. आयुष्यभर म्हणजे एक महिना! अमेरिकेतल्याच एनबीसी चॅनेलवाल्यांचं सीसो हे फक्त कॉमेडीचं ॲप 2016 मध्ये आलं, 2017 संपायच्या आत गेलं. सीबीएस ऑल ॲक्सेसचंसुद्धा 2021 मध्ये पॅरामाउंट प्लस झालं. आणि ॲप टिकलं तरी त्यातला माल टिकतोच असं नाही, स्टार ट्रेक प्रॉडिजी ही पॅरामाउंटची घरचीच सिरीज 2023 मध्ये त्यांनी स्वतःच्याच ॲपवरून काढून टाकली, मग ती त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आली. म्हणजे ज्या सिरीजसाठी वर्षाचे पैसे भरले तीच दुसऱ्याच्या दारात. लहान ॲपचा वार्षिक प्लॅन मी तरी घेणार नाही, मोठ्याचा एकवेळ घेईन.

प्रश्न: मी फक्त डब्ल्यूडब्ल्यूई बघतो, बाकी काहीच नाही. माझ्यासारख्याने काय करावं?

उत्तर: तुमचं गणित वेगळं आहे. लाइव्ह बघण्यात मजा असते, त्यामुळे सगळं येईपर्यंत थांबा हा वरचा सल्ला तुम्हाला लागू नाही. 2014 मध्ये अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क हे त्यांचं ॲप महिन्याला 9.99 डॉलरला आलं तेव्हा जे मोठे शो एकेक करून त्याच्या कितीतरी पट किमतीला विकत घ्यावे लागायचे ते सगळे त्यातच मिळायला लागले, असा सौदा असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त हक्क कुणाकडे आहेत यावर लक्ष ठेवा, 2021 मध्ये अमेरिकेत तेच सगळं पीकॉक या एनबीसीवाल्यांच्या ॲपवर गेलं आणि 2025 पासून रॉ हा त्यांचा दर आठवड्याचा शो नेटफ्लिक्सवर आहे. त्यामुळे ऑटो रिन्यू मात्र पैसे भरल्या दिवशीच बंद करून टाका, बहुतेक ठिकाणी भरलेला महिना संपेपर्यंत बघता येतंच.