योंगछुन म्हणजे नेमकं कुठलं योंगछुन?

चीनला जाऊन योंगछुन, म्हणजे फुजियान प्रांतातली 'श्वेत क्रौंच' ही कुंग-फू शैली, शिकण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि २०१४ सालचा मीच समोर उभा राहिलो. गोजू-र्यू या कराटे शैलीचा ब्राऊन बेल्ट, तिच्यातल्या सांचिन या काताचं (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचं) मूळ शोधायची खाज आणि "चीनमध्ये योंगछुनचा कोर्स मिळतोय, पैसे भरू का?" हा तुमचाच प्रश्न. थांबा, एवढ्यात भरू नका.

कराटे जपानच्या ओकिनावा बेटावर फुजियानकडून कसं आलं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. मी तेव्हा सिंगापूरला नोकरीला होतो. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा काढली, एका संस्थेला ईमेल टाकली की मला योंगछुन शिकायचंय. त्यांनी आनंदाने सगळी फी आगाऊ घेतली. पोचलो ते फोशानला, म्हणजे ग्वांगडोंग प्रांतात. म्हटलं, शाखा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सांचिनच्या जागी 'सिउ निम ताउ' हा वेगळाच क्रम सुरू झाला आणि पोटात गोळा आला. ही तर विंग चुन, दुसरीच कुंग-फू शैली!

'विंग चुन' हा कँटोनीज उच्चार. मँडरिनमध्ये तिलाही योंगछुनच म्हणतात. आपल्याला हवं ते योंगछुन म्हणजे फुजियानमधला, छ्वानचौच्या हद्दीतला एक तालुका. उच्चार तंतोतंत तोच, सूरसुद्धा. फरक फक्त लिहिण्यात. हल्लीच्या सोप्या चिनी लिपीत पहिल्या अक्षराच्या डावीकडे छोटासा चौकोन असेल तर विंग चुन, नसेल तर तालुका. माझ्या पावतीवर तो चौकोन होता. मी पावती घडी घालून पाकिटात ठेवली होती, झालं.

ऑफिसातल्या बाईंनी त्या अक्षराभोवती पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, तुम्ही योंगछुन मागितलंत, आम्ही योंगछुन दिलं. परतावा नाही. चार दिवस या टेबलावरून त्या टेबलावर. एकाने तर पाण्याची बाटली हातात देऊन बाहेर बसवलं ते संध्याकाळपर्यंत! अजून आठवलं की डोकं तापतं.

असो. शैलीचं नाव सांगताना 'श्वेत क्रौंच' म्हणा, बगळा नको. बगळा म्हटलं की आपल्याकडे लोकांना वेगळंच ध्यान आठवतं. आणि यूट्यूबवर लांब हात भिरकावत मारणारं 'तिबेटी' श्वेत क्रौंच दिसेल, ते वेगळं घराणं आहे. १९५४ ची मकावमधली ती गाजलेली लढत त्यांचीच, ताई चीवाल्यांशी झालेली. फुजियानचं काम जवळून, आखूड आणि झटक्याचं.

उगमाबद्दल: फांग छी-न्यांग या मुलीने क्रौंचाला काठीने हाकलायला बघितलं, पक्षी चुकवत राहिला, त्यातून शैली निघाली, अशी कथा आहे. छी-न्यांग म्हणजे 'सातवी'. माझ्या मते ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. ओकिनावातल्या 'बुबिशी' या हस्तलिखितात या शैलीचा भाग आहे, आणि गोजूचं नावही त्यातल्याच एका ओळीवरून घेतलंय. तुमच्यासाठी तो धागा जास्त पक्का. मी इतिहासकार नाही, चुकलो तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

शिकायचंच असेल तर, माझं ठाम मत, चीन नंतर. योंगछुनचे लोक पिढ्यान् पिढ्या मलेशिया-सिंगापुरात स्थायिक आहेत, त्यांच्या हॉकियन बोलीत गावाचं नाव 'एंग चून'. त्या नावाने शोधलंत तर गोंधळच होत नाही. मला शेवटी तिथेच गुरुजी भेटले. पहिले दोन महिने फक्त सानझान, म्हणजे आपल्या सांचिनचं माहेर. मुठी उघड्या, कोपरं आत. गुरुजी दोन बोटांनी कोपर ढकलून बघायचे. हललं की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या गोजूच्या आवळलेल्या मुठींमुळे खांदे वर येतील, माझे यायचे. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बूट पातळ तळाचे घ्या, रनिंगचे नकोत. आणि तुमच्या कोर्सवाल्या संस्थेने पाठवलेल्या कागदाचा फोटो इथे टाका, चौकोन आहे का ते बघून सांगतो.